श्वास परतल्यानंतर

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत गाणे शिकवत. गळा असो वा नसो, वर्गातल्या प्रत्येक मुलाने गायलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. गाणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे ते मानत. मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझी बहुतेक नोकरी अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत, गेली. तेव्हा हाच हक्क आयसीयूतल्या खाटेपर्यंत कसा पोहोचवता येईल, एवढाच विषय मी आज घेतला आहे.

मला काय म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. आयसीयूत आम्ही रुग्णाचा श्वास, रक्तदाब, मूत्रपिंडे सगळे सांभाळतो. ते सांभाळताना त्याच्या इच्छेला मात्र कुठेच वाव उरत नाही. कधी झोपायचे, कधी कूस बदलायची, दिवा कधी मालवायचा, कोणी भेटायचे, हे सगळे दुसरे ठरवतात. घशात नळी असल्यामुळे त्याला 'नको' एवढेही म्हणता येत नाही. माणूस खऱ्या अर्थाने बरा होऊ लागतो तो आपले काहीतरी पुन्हा आपण ठरवू लागल्यावर. ही संधी त्याला देण्याचे जे मार्ग आहेत, त्यांत संगीत हा सर्वांत स्वस्त आणि आपल्या ओळखीचा मार्ग आहे.

थोडा इतिहास सांगतो. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले रोज दाखल होत होती आणि त्यांना जगवायला पुरेशी यंत्रे नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एक साधा उपाय सुचवला. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत सोडायची. पिशवी दाबायला वैद्यकाचे विद्यार्थी आले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस खाटेशी बसून, कित्येक महिने त्या मुलांचे श्वास चालवले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरात जगातला पहिला अतिदक्षता विभाग सुरू केला.

ही गोष्ट आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगतो. तिच्यातली एक बाजू मात्र सांगायची राहून जाते. तिथे प्रत्येक श्वासामागे एक जागा माणूस बसलेला होता. मूल घाबरले तर ते त्याला दिसत होते. पुढे पिशवीच्या जागी व्हेंटिलेटर आला, खाटेशी बसलेल्या माणसाच्या जागी मॉनिटर आला आणि मृत्युदर आणखी घटला. त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण खाटेशेजारची ती सोबत त्या बदलात हळूहळू गेली, आणि तिची किंमत काय पडली हे कळायला आम्हाला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

तोवर आमचे यश मोजायची पट्टी एकच होती: रुग्ण जिवंत बाहेर पडला का? घरी गेल्यावर तो कसा जगतो, हे कोणी पद्धतशीर विचारत नव्हते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन'ने या प्रश्नावर एक बैठक घेतली. तिचे फलित म्हणून २०१२ मध्ये 'पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. आयसीयूतून घरी गेल्यावर मागे राहणारा शरीराचा अशक्तपणा, स्मरणशक्ती आणि एकाग्रतेतली घट, आणि मनाचे आजार म्हणजे चिंता, नैराश्य, भयस्वप्ने, या सगळ्याचे ते एकत्रित नाव आहे. घरच्यांच्या मनावरचा ताणही त्यातच धरला जातो.

आकडे ऐकले तर याचे गांभीर्य कळेल. लंडनमधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा आडवा छेद पहिल्या दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. डॉ. प्रतीक पंढरीपांडे, डॉ. वेस्ली ईली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नॅशव्हिल इथे ८२१ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७४ टक्के रुग्णांना रुग्णालयात असताना डिलिरियम, म्हणजे तीव्र भ्रमावस्था, झाली होती. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा ४० टक्के लोकांची बुद्धीची चाचणी डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खाली होती. २६ टक्क्यांची सौम्य अल्झायमरच्या रुग्णाइतकी खाली होती. यांत तरुणही होते. डिलिरियम जितके दिवस अधिक, तितकी ही घट अधिक.

आपल्या घरांत याची रूपे ओळखीची आहेत. दुकानाचा हिशेब तोंडी करणारा माणूस आयसीयूतून आला आणि साध्या बेरजेत अडखळू लागला. एखादी बाई रात्री दचकून उठते आणि सांगते की सिस्टर मला मारायला आल्या होत्या. घरचे म्हणतात, 'वय झाले', 'धसका घेतलाय', 'देवाने वाचवले, आता कुरकुर कशाला?' रुग्णही मग गप्प बसतो. आपल्याला झालेल्या त्रासाला नाव आहे आणि तो इतरांनाही होतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आता त्या खोलीतले आवाज ऐकू या. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार रुग्णांच्या खोल्यांत रात्री ३० डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये. आयसीयूत तो सहसा ५० च्या पुढेच असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विद्यापीठ रुग्णालयात मोजणी झाली, तेव्हा दर खाटेमागे दिवसाला ऐकू येणारे १८७ अलार्म निघाले. त्यांतले बहुसंख्य खोटे किंवा बिनमहत्त्वाचे होते. नळ्यांनी जखडलेला, गुंगीत अर्धवट जागा असलेला माणूस हे आवाज ऐकतो. कोणता आपला, कोणता शेजारच्या खाटेचा, कोणता जिवावरचा, हे त्याला कळत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. विनाकारण होणारा आवाज ही रुग्णावरची क्रूरता आहे, असे त्यांचे मत होते. त्याच पुस्तकात संगीताविषयीही एक निरीक्षण आहे. मानवी आवाज, फुंकून वाजवायची वाद्ये आणि ज्यांचा स्वर अखंड राहतो अशी तंतुवाद्ये रुग्णांना मानवतात. पियानोसारखा तुटक स्वर मानवत नाही. हे त्यांनी केवळ निरीक्षणातून लिहिले होते. तंबोऱ्याच्या अखंड स्वराखाली वाढलेल्या आपल्या कानांना ते लगेच पटेल.

पण निरीक्षण आणि पुरावा यांत अंतर असते. या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा लिंडा च्लॅन या परिचारिका-संशोधिकेचा आहे. त्यांनी अमेरिकेत मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतल्या ५ रुग्णालयांच्या १२ आयसीयूंमध्ये, व्हेंटिलेटरवर असलेल्या पण जाग्या ३७३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन मिळाले, संगीत नाही. तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाची आवडनिवड संगीतोपचार जाणणाऱ्या व्यक्तीने समजून घेतली, त्यातून त्याचा स्वतःचा संग्रह तयार केला आणि हेडफोन त्याच्या हाताशी ठेवले. घाबरल्यासारखे वाटेल तेव्हा, हवे तेवढा वेळ ऐकायचे, ठरवणार तो. हे रुग्ण दिवसाला सरासरी ८० मिनिटे ऐकत. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत पाचव्या दिवसापर्यंत त्यांची चिंता ३६.५ टक्क्यांनी कमी भरली. गुंगीच्या औषधांचे डोस ३८ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०१३ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला.

गुंगीच्या औषधांच्या आकड्यावर मी भर देतो. गुंगी कमी लागली तर रुग्ण लवकर जागा होतो, लवकर हलतो, आणि भ्रमावस्थेचा धोका टाळण्याची संधी वाढते. आणि हे घडले ते रुग्णाच्या हाती एक बटण दिल्यामुळे. त्या खोलीत तेवढी एकच गोष्ट त्याच्या मर्जीने चालत होती.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्षही सांगणे माझे कर्तव्य आहे. चिंतेच्या बाबतीत नुसते आवाज अडवणारे हेडफोन आणि संगीत यांच्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे शांतता हाही उपचारच आहे. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्दी यांनी २००६ मध्ये तरुण, निरोगी माणसांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीत, रॅप, टेक्नो असे प्रकार ऐकवले आणि त्यांत भारतीय रागसंगीतही होते. हृदयाची आणि श्वासाची गती लयीमागे जाताना दिसली. संगीताचा प्रकार कोणता याने फारसा फरक पडला नाही. आणि सर्वांत खोल विश्रांती मिळाली ती मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. मैफलीत सम येऊन गेल्यावर क्षणभर सगळे सभागृह स्तब्ध होते, ते आपण अनुभवलेले आहे.

२०१४ मध्ये 'कोक्रेन' या संस्थेच्या आढाव्यात व्हेंटिलेटरवरच्या ८०५ रुग्णांचे १४ अभ्यास एकत्र तपासले गेले. संगीत ऐकल्याने चिंता, श्वासाचा वेग आणि वरचा रक्तदाब कमी होतो, असा त्या आढाव्याचा कौल होता. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आयसीयूतल्या वेदनेसाठी औषधांच्या जोडीला संगीत द्यावे असे सुचवले, पण पुरावा कमकुवत आहे हेही स्पष्ट लिहिले. संगीताने भ्रमावस्था टळते असे छातीठोकपणे सांगावे, इतका पुरावा आजही नाही. संगीत जंतुसंसर्ग बरा करत नाही, व्हेंटिलेटरची जागा घेत नाही. जे सिद्ध झाले आहे तेवढ्यानेच ते मोलाचे आहे. त्यात भर घालून सांगितले तर लोकांचा विश्वास उडतो आणि नुकसान रुग्णाचे होते.

म्हणून एका नाजूक मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर रागांच्या यादीची पत्रके फिरतात: रक्तदाबाला अमुक राग, मधुमेहाला तमुक, निद्रानाशाला तिसराच. मी रागसंगीतावर जिवापाड प्रेम करतो आणि म्हणूनच या याद्यांना विरोध करतो. राग म्हणजे गोळी नव्हे. मारव्याने एकाला व्याकूळ वाटेल, दुसऱ्याला मोकळे. ज्याने आयुष्यभर शाहिरांचे डफ ऐकले, त्याच्या कानात दरबारीचा विलंबित ख्याल घातला तर तो त्याला परकाच वाटणार, आणि परकेपणा तर त्या खोलीत आधीच ओसंडून वाहतो आहे.

रुग्णाचे संगीत म्हणजे त्याचे आयुष्य. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' आठवड्या-आठवड्याला ऐकलेल्या आजींचे संगीत वेगळे. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी वस्तीत जागा झालेल्या माणसाचे वेगळे. वारीत टाळ घेऊन चाललेल्याचे, कोळीवाड्यातल्या बाईचे, गोव्यातल्या चर्चच्या गायनवृंदात गायलेल्याचे, कव्वालीवर रात्री जागवलेल्याचे, हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर प्रेमात पडलेल्याचे वेगळे. खाटेशी उभे राहिल्यावर यांत उच्च-नीच करण्याचा अधिकार कोणालाच नाही, डॉक्टरांना तर मुळीच नाही.

आणि आवडीचे गाणेही विचारून लावावे लागते. दिवंगत पतीच्या आठवणींचे गाणे एखादीला धीर देईल, दुसरीला उद्ध्वस्त करेल. आयसीयूतला माणूस उठून बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून रेकॉर्ड लावणे आणि संगीतोपचार करणे यांत फरक आहे. संगीतोपचारक रुग्णाशी नाते जोडतो, त्याच्या श्वासाकडे पाहून लय उतरवतो, चेहरा बदलला की थांबतो. दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक डोळ्यांसमोर असताना अमेरिकेत, मिशिगनमध्ये, १९४४ साली याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. आपल्याकडे रुग्णालयांच्या पटावर संगीतोपचारक अजून क्वचितच दिसतो.

आतापर्यंत आयसीयूच्या आतले बोललो. खरी लांब वाट दाराबाहेर सुरू होते, आणि तिथे रुग्ण ऐकणारा न राहता गाणारा होऊ शकतो.

पहिली गोष्ट श्वासाची. २०२० मध्ये लंडनमध्ये 'इंग्लिश नॅशनल ऑपेरा' या संगीतनाट्य संस्थेने आणि इम्पीरियल कॉलेजच्या रुग्णालयांनी मिळून कोविडनंतर धाप लागणाऱ्यांसाठी गाण्याचा वर्ग सुरू केला. सहा आठवडे, ऑनलाइन, आणि शिकवायला निवडल्या अंगाई. सोप्या, संथ, कोणालाही गाता येणाऱ्या. १५० जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'लॅन्सेट'च्या श्वसनविषयक नियतकालिकात आले. मानसिक स्वास्थ्य सुधारले, धावतानाची धाप काही अंशी कमी झाली. शारीरिक क्षमतेच्या गुणांत मात्र फरक दिसला नाही. ते सगळेच आयसीयूतून आलेले नव्हते. तरीही गाताना माणूस लांब, संथ, सावरलेला उच्छ्वास सोडतो, आणि धाप लागण्याच्या भीतीत जगणाऱ्याला नेमके तेच पुन्हा शिकायचे असते. आपल्या अंगाई, हरिपाठ, जात्यावरच्या ओव्या यांच्यात ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्यावर इथल्या रुग्णांसह, इथल्या फिजिओथेरपिस्टांनी नीट चाचण्या घ्याव्यात, असे मला फार वाटते.

दुसरी गोष्ट वाणीची. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूतून गोळी गेली. त्या वाचल्या, पण शब्द गेले. ह्यूस्टनच्या पुनर्वसन केंद्रात संगीतोपचारक त्यांच्यासोबत गात असे. जे शब्द बोलता येत नव्हते, ते चालीवर बाहेर येऊ लागले. चालीत बोलायला लावून वाचा परत आणण्याची ही पद्धत बॉस्टनमध्ये १९७३ पासून विकसित होत आली आहे.

तिसरी चालण्याची. संशोधक मायकेल थॉट यांनी कोलोरॅडोत दाखवले की ठेक्याची साथ दिली तर पक्षाघाताच्या रुग्णांची पावले अधिक समान आणि लांब पडतात. चौथी स्मरणाची. हेलसिंकीत तेप्पो सार्कॅमो यांच्या २००८ च्या अभ्यासात पक्षाघातानंतर दोन महिने रोज आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता, ध्वनिपुस्तके ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. हे रुग्ण पक्षाघाताचे होते. आयसीयूनंतरच्या रुग्णांवर असेच अभ्यास व्हायला हवेत. तोपर्यंत वाट पाहत कोणी आपले गाणे बंद ठेवावे, असे मात्र मला वाटत नाही.

आता आपण काय करू शकतो? याला मोठे अनुदान लागत नाही.

रुग्णालयांना मी सांगेन: दाखल करताना ॲलर्जी विचारता, तसेच विचारा, 'यांना काय ऐकायला आवडते, आणि काय नको?' हे उत्तर केस पेपरवर लिहा. रुग्णाचे कानाचे यंत्र आणि चष्मा कपाटात ठेवू नका. ज्याला ऐकूच येत नाही त्याला कोणते संगीत देणार? खोटे अलार्म कमी होतील अशा मर्यादा लावा. टीव्ही दिवसभर चालू ठेवू नका. एका वेळी अर्धा तास पुरे, आवाज बेताचा, हेडफोन ज्याचे त्याला किंवा प्रत्येक वेळी स्वच्छ पुसलेले. आणि आधी खूण ठरवा: एक बोट उचलले की बंद. शुद्धीवर असलेल्या रुग्णाचा 'नको' म्हणण्याचा हक्क हा या उपचाराचा पाया आहे.

घरच्यांना सांगेन: भेटीच्या वेळात दाराशी रडू आवरत उभे राहण्यापेक्षा सिस्टरांना विचारून आत या, नाव सांगा, वार सांगा, कुठे आहोत ते सांगा. आणि रोज घरात गुणगुणता ते गुणगुणा. तुमचा गळा कसा आहे, हे तिथे कोणीही ऐकत नसते. आवाज कोणाचा आहे, हे मात्र ऐकू जाते. घरी आल्यावर विसराळूपणा, भीती, थकवा दिसला तर रागावू नका, डॉक्टरांकडे पुन्हा न्या आणि या त्रासाला नाव आहे हे रुग्णाला सांगा.

या गावातल्या संगीत विद्यालयांना आणि भजनी मंडळांना माझे एक मागणे आहे. आयसीयूतून परतलेल्या लोकांसाठी आठवड्यातून एक दिवस गाण्याचा वर्ग सुरू करा. तिथे कार्यक्रम नको, परीक्षा नको, शाबासकीही नको. खुर्चीवर बसून, एका श्वासात जमेल तेवढी ओळ. सोबत एखादा फिजिओथेरपिस्ट असावा. रुग्णालयांनी आपले रुग्ण तिथे पाठवावेत आणि काय फरक पडतो याची नोंद ठेवावी. हे काम करायला तयार असलेल्या डॉक्टरांची यादी मी आज इथे आयोजकांकडे देऊन जाणार आहे. गायकांची यादी तुम्ही द्या. पहिला वर्ग कधी आणि कुठे घ्यायचा, ते या सभागृहातून निघण्यापूर्वी ठरवू.